जुने स्टुडिओ कॅमेरे : सोव्हिएत यंत्रे आणि आपल्याकडील नोंदी

टेलिव्हिजनचा जुना स्टुडिओ कॅमेरा म्हणजे एक यंत्र नव्हे, तो चार-पाच यंत्रांचा संच असतो. स्टुडिओच्या फरशीवर चाकांच्या स्तंभावर उभा दिसतो तो त्याचा फक्त पुढचा भाग. त्यात समोर भिंग, पोटात प्रकाशाचे विजेत रूपांतर करणारी काचेची नळी आणि मागे कॅमेरामनसाठी छोटा पडदा, म्हणजे व्ह्यूफाइंडर असतो. तेथून निघणारी अनेक तारांची जाड केबल नियंत्रण कक्षातील कॅमेरा कंट्रोल युनिटपर्यंत जाते आणि चित्राचा उजळपणा व काळेपणा तेथे बसलेला अभियंता सांभाळतो. शिवाय वीजपुरवठ्याचे कपाट असते आणि सगळ्या कॅमेऱ्यांचा ताल एक ठेवणारा सिंक जनरेटरही लागतो. यांतला एक भाग गेला की उरलेले भाग निरुपयोगी ठरतात. त्यामुळे अशा कॅमेऱ्याचा संग्रह करताना वस्तू मिळवणे ही केवळ पहिली पायरी असते. तिचा संच, तिची कागदपत्रे आणि ती हाताळणाऱ्या माणसांची माहिती एकत्र राखणे हे खरे काम.

जगभरच्या हौशी संग्राहकांमध्ये सोव्हिएत संघात बनलेल्या स्टुडिओ कॅमेऱ्यांना वेगळे महत्त्व आहे. ही यंत्रे संख्येने मर्यादित होती, बहुतेक सरकारी केंद्रांतच वापरली गेली आणि १९९१ नंतर झपाट्याने मोडीत निघाली. त्यांची ओळख कशी पटवायची, नोंद कशी करायची आणि ती जपायची कशी, याची एक पद्धत संग्राहकांनी आणि संग्रहालयांनी अनुभवातून बसवली आहे. महाराष्ट्रातील जुन्या टेलिव्हिजन यंत्रांनाही ती तितकीच लागू पडते.

नळ्यांचे युग

आजच्या कॅमेऱ्यात सिलिकॉनची चिप असते. १९६९ मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडीची कल्पना मांडली. पण स्टुडिओत चिपचे कॅमेरे रुळायला १९८०च्या दशकाची अखेर उजाडली. तोवरची जवळजवळ पन्नास वर्षे चित्रग्रहणाचे काम निर्वात नळीनेच केले.

या नळीच्या इतिहासात रशियन नावे अगदी मुळापासून आहेत. सेंट पीटर्सबर्गचे बोरिस रोझिंग यांनी १९०७ मध्ये कॅथोड किरणांच्या मदतीने चित्र दाखवण्याचे पेटंट मागितले आणि १९११ मध्ये साध्या आकृत्या पडद्यावर उमटवून दाखवल्या. मुरोम गावात जन्मलेले त्यांचे विद्यार्थी व्लादिमीर झ्वोरिकिन पुढे अमेरिकेत गेले. आयकोनोस्कोप ही पहिली व्यवहार्य कॅमेरा नळी त्यांच्या नावावर आहे. त्याच सुमारास सोव्हिएत संघात सेम्योन कातायेव तशाच नळीवर काम करीत होते. १९३३ मध्ये श्माकोव्ह आणि तिमोफेयेव यांनी तिची अधिक संवेदनशील आवृत्ती, सुपरआयकोनोस्कोप, मांडली.

दुसऱ्या महायुद्धानंतर स्टुडिओंवर राज्य केले ते इमेज ऑर्थिकॉनने. सोव्हिएत अभियंते तिला सुपरऑर्थिकॉन म्हणत. ही नळी हातभर लांब आणि तोंडाशी रुंद असते. भिंगातून आलेला प्रकाश तोंडाच्या आतील बाजूच्या फोटोकॅथोडवर पडतो आणि तेथून इलेक्ट्रॉन सुटतात. ते वेगाने मागे जाऊन काचेच्या अतिपातळ पडद्यावर आदळतात. जेथे प्रकाश जास्त, तेथे त्या पडद्यावर धन विद्युतभार जास्त साठतो. अशा तऱ्हेने समोरच्या दृश्याची एक अदृश्य विद्युत-प्रतिमा तयार होते. मग पडद्याच्या मागच्या बाजूने इलेक्ट्रॉनचा मंद झोत ओळीमागून ओळ फिरतो. भार भरून काढण्यासाठी लागतील तेवढे इलेक्ट्रॉन पडद्यावर राहतात, उरलेले परत फिरतात. या परतीच्या झोतातील चढउतार हेच चित्र. नळीच्या बुडाशी असलेला इलेक्ट्रॉन गुणक ते कित्येक पटींनी वाढवून बाहेर देतो.

ही नळी नाजूक होती. ती पुरेशी तापल्याशिवाय नीट चालत नसे, म्हणून प्रक्षेपणाच्या बऱ्याच आधी कॅमेरे सुरू करावे लागत. एकाच उजळ दृश्यावर कॅमेरा फार वेळ रोखला तर त्याचा ठसा नळीवर उमटून राही आणि पुढच्या दृश्यावर भुतासारखा तरंगे. झगमगत्या दागिन्याभोवती किंवा दिव्याभोवती काळे वलय दिसे. जुन्या कृष्णधवल चित्रफितींत ही वलये आजही ओळखू येतात आणि कोणत्या जातीच्या नळीने ते चित्र टिपले याचा पुरावा देतात.

१९५० मध्ये आलेली व्हिडिकॉन नळी लहान, स्वस्त आणि काटक होती, पण हलत्या वस्तूंमागे तिच्या चित्रात शेपूट राही. ही उणीव फिलिप्सच्या प्लंबिकॉनने १९६०च्या दशकात दूर केली. त्या नळीत शिशाच्या ऑक्साइडचा थर होता. रंगीत कॅमेऱ्यांत ती मोठ्या प्रमाणावर रुळली. सोव्हिएत अभियंत्यांनी त्याच तत्त्वावर बनवलेल्या नळीला ग्लेटिकॉन असे नाव होते.

सोव्हिएत परंपरा

सोव्हिएत संघात १९३८ मध्ये दोन टेलिव्हिजन केंद्रे सुरू झाली. मॉस्कोच्या शाबोलोव्का केंद्रात अमेरिकन आरसीए कंपनीची ३४३ ओळींची यंत्रणा होती, तर लेनिनग्राडच्या केंद्रात देशी बनावटीची २४० ओळींची. युद्धात बंद पडलेले मॉस्कोचे प्रक्षेपण मे १९४५ मध्ये पुन्हा सुरू झाले. १९४८ मध्ये तेथे ६२५ ओळींच्या चित्राचे प्रक्षेपण सुरू झाले आणि पुढे हेच मानक जगातील बहुतेक देशांनी स्वीकारले. भारतानेही ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रे हाच मार्ग धरला. म्हणूनच दुरुस्त केलेल्या कृष्णधवल सोव्हिएत कॅमेऱ्याचे चित्र आपल्याकडच्या जुन्या मॉनिटरवर तत्त्वतः थेट दिसू शकते.

कॅमेऱ्यांच्या संशोधनाचे मुख्य केंद्र होते लेनिनग्राडची टेलिव्हिजन संशोधन संस्था. तिची स्थापना १९३५ मधली. युरी गागारिन यांच्या व्होस्तोक यानातील टेलिव्हिजन यंत्रणाही याच संस्थेत घडली. १२ एप्रिल १९६१ रोजी तिने सेकंदाला १० चित्रे आणि प्रत्येक चित्रात १०० ओळी एवढ्या साध्या मापात गागारिन यांचा चेहरा पृथ्वीवर पाठवला.

१ ऑक्टोबर १९६७ रोजी मॉस्कोहून फ्रेंच सेकाम पद्धतीचे रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि त्याच वर्षी ओस्तांकिनोचा उंच मनोराही उभा राहिला. सोव्हिएत स्टुडिओ कॅमेऱ्यांची नावे ‘केटी’ या दोन अक्षरांनी सुरू होतात आणि पुढे क्रमांक येतो. केटी-११६ आणि केटी-१३२ हे रंगीत कॅमेरे संग्राहकांच्या परिचयाचे आहेत. अशा कॅमेऱ्यात लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशासाठी तीन वेगळ्या नळ्या असतात. तिन्ही चित्रे एकावर एक तंतोतंत बसवणे हे अभियंत्याचे रोजचे काम असे. रंगांचे सेकाम किंवा पाल पद्धतीत रूपांतर कॅमेऱ्याच्या पुढच्या टप्प्यावर होते. त्यामुळे सेकामसाठी बनलेल्या कॅमेऱ्यातूनही मूळ तीन रंगांचे संकेत घेऊन चित्र मिळवता येते.

महाराष्ट्राचा धागा

भारतात टेलिव्हिजनची सुरुवात १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाली. त्या सुरुवातीच्या केंद्रावर पु. ल. देशपांडे निर्माते होते, ही मराठी वाचकाला जवळची गोष्ट. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या सहक्षेपण केंद्रामुळे त्याचे कार्यक्रम पुणे परिसरात दिसू लागले. ‘गजरा’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, ‘आमची माती आमची माणसं’ हे कार्यक्रम आणि स्मिता पाटील यांच्या तोंडच्या मराठी बातम्या घरोघरी पोहोचल्या त्या वरळीच्या स्टुडिओतील कृष्णधवल कॅमेऱ्यांतून. १९८२ मध्ये स्वातंत्र्यदिन आणि आशियाई खेळांच्या निमित्ताने रंग आले आणि कृष्णधवल यंत्रे हळूहळू बाजूला पडली.

पुण्याचे नाते याहून खोल आहे. प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० मध्ये सुरू झालेल्या चित्रपट संस्थेत टेलिव्हिजन प्रशिक्षण विभाग १९७४ मध्ये दिल्लीहून आला आणि दूरदर्शनच्या अनेक कॅमेरामन व अभियंत्यांनी येथे धडे घेतले.

सोव्हिएत यंत्रांशीही महाराष्ट्राची ओळख जुनी आहे. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या आयआयटीला युनेस्कोमार्फत सोव्हिएत संघाकडून उपकरणे आणि तज्ज्ञ मिळाले. पवईच्या प्रयोगशाळांतील एका पिढीने रशियन अक्षरांच्या पाट्या वाचत शिक्षण घेतले. एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा यांनी साल्युत-७ अंतराळस्थानकातून पंतप्रधान इंदिरा गांधींशी केलेला संवाद दूरदर्शनवर दिसला. ते दृश्य टिपले होते सोव्हिएत कॅमेऱ्यानेच.

यंत्रे कोठे जातात

सरकारी केंद्रातील यंत्र कालबाह्य झाले की त्याचे निर्लेखन होते आणि मग ते लिलावात वजनावर विकले जाते. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार किंवा लॅमिंग्टन रोड येथे अशा यंत्रांचे सुटे भाग पोहोचतात, अख्खा संच क्वचितच. भिंगांना गिऱ्हाईक असते, ॲल्युमिनियमच्या सांगाड्याला भाव असतो. नियंत्रण युनिट, केबल आणि पुस्तिका यांना कोणी विचारत नाही.

सोव्हिएत कॅमेऱ्यांवर आणखी एक संकट आले. त्यांच्या काही सिरॅमिक कपॅसिटरमध्ये पॅलेडियम आणि प्लॅटिनम, ट्रान्झिस्टरवर सोन्याचा मुलामा आणि जोडण्यांवर चांदी असे. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतरच्या टंचाईच्या वर्षांत ही मौल्यवान द्रव्ये काढण्यासाठी हजारो यंत्रे फोडली गेली. त्यामुळे आज हाती येणाऱ्या कॅमेऱ्यात मुद्रित परिपथांच्या पट्ट्या जागेवर असल्या तरी त्यांवरचे कपॅसिटर खुडून नेलेले आढळतात. संग्राहकाने बाहेरचा रंग पाहण्याआधी झाकण उघडून आत पाहावे, हा या क्षेत्रातला पहिला नियम आहे.

ओळख पटवण्याची रीत

सोव्हिएत यंत्राबरोबर ‘पासपोर्ट’ नावाची पुस्तिका येत असे. संग्राहकाच्या दृष्टीने ती कॅमेऱ्याइतकीच मोलाची आहे. पहिल्या पानांवर यंत्राचे नाव, प्रकार आणि कारखान्याचा अनुक्रमांक असतो. पुढे संचात कोणकोणते भाग दिले त्यांची यादी येते, अगदी सुट्या फ्यूजपर्यंत. त्यानंतर तांत्रिक मोजमापे आणि हमीची मुदत. मग तपासणी विभागाचा शिक्का, तपासनिसाची सही आणि तारीख असलेले स्वीकृतिपत्र. शेवटाकडे एक कोष्टक असते, ज्यात यंत्रातील सोने, चांदी, प्लॅटिनम यांचे वजन ग्रॅमच्या अंशांत दिलेले असते. सरकारी मौल्यवान धातूंचा हिशेब ठेवण्यासाठी केलेली ही नोंद आज यंत्र मूळ स्थितीत आहे की लुटले गेले आहे, हे ताडून पाहायला उपयोगी पडते. अनेक संचांबरोबर विद्युत आराखड्यांचे मोठे घडीचे कागदही मिळतात.

पासपोर्ट नसेल तर यंत्रच वाचावे लागते. नावपट्टीवर बऱ्याचदा कारखान्याचे नाव नसते, फक्त त्याचे चिन्ह असते. अशा चिन्हांच्या तक्त्यांवरून कारखाना ओळखता येतो. पंचकोनी गुणवत्ता-चिन्ह दिसले तर यंत्र १९६७ किंवा त्यानंतरचे, कारण ते चिन्हच त्या वर्षी सुरू झाले. सुट्या भागांवर अनेकदा निर्मितीचा महिना आणि वर्षाचे शेवटचे दोन अंक छापलेले असतात. यंत्र आपल्या मूळ भागांपैकी सर्वांत नव्या भागापेक्षा जुने असू शकत नाही. दुरुस्तीत घातलेला भाग मात्र वेगळा ओळखायला हवा, कारण त्याचे डाग देणे कारखान्यातल्यासारखे नीट नसते. कॅमेरा नळीचा क्रमांक रशियन लिपीतील ‘एल’ (Л) आणि ‘ई’ (И) या अक्षरांनी सुरू होतो. हे अंक आणि अक्षरे मूळ लिपीत जशीच्या तशी उतरवून ठेवावीत आणि देवनागरी लिप्यंतर त्याखाली द्यावे.

नोंद कशी असावी

चांगल्या नोंदीत चार गोष्टी येतात. पहिली, संग्रहातील कायमचा क्रमांक, जो वस्तूवर आणि वहीत एकच असतो. दुसरी, वस्तू कोणाकडून, कोठून, कधी आली याचा माग. लिलावाची पावती किंवा जुन्या जागेची चिकटपट्टीसुद्धा काढून टाकू नये, तिचे छायाचित्र घ्यावे. तिसरी, मोजपट्टी शेजारी ठेवून सहाही बाजूंची आणि आतल्या प्रत्येक पट्टीची छायाचित्रे. चौथी, जोडण्यांचा तक्ता. बहुतारी प्लगच्या कोणत्या पिनेत कोणता संकेत येतो हे एकदा मोजून लिहिले तर पुढच्या दुरुस्त करणाऱ्याचे कित्येक महिने वाचतात. काही सोडवण्याआधी लिहायचे आणि सोडवल्यावर पुन्हा लिहायचे, ही शिस्त पाळली तरच नोंदीवर विसंबता येते.

संगणकीय नोंदींसाठी पुण्याच्या सी-डॅकने ‘जतन’ ही संग्रहालयांसाठीची प्रणाली विकसित केली आहे आणि देशातील अनेक संग्रहालये ती वापरतात. घरगुती संग्राहकाला साधी वही आणि नीट नावे दिलेली छायाचित्रेही पुरतात. दिनकर केळकर यांनी पुण्यात अडकित्ते, दिवे, भांडी अशा रोजच्या वस्तूंमधून एक थोर संग्रहालय उभे केले. रोजच्या वापरातील वस्तूही इतिहास सांगतात, हे त्या संग्रहाने महाराष्ट्राला दाखवून दिले आहे.

यंत्रापाठोपाठ माणसांची नोंद यावी. झूम भिंग येण्याआधी कॅमेऱ्याच्या तोंडाशी चार भिंगांची फिरती तबकडी असे आणि मागचा दांडा फिरवून कॅमेरामन भिंग बदलत असे. हा बदल दुसरा कॅमेरा प्रक्षेपणावर असतानाच, लाल दिवा विझल्यावर करायचा असे. या हालचालींचे कसब कोणत्याही पुस्तिकेत नाही. ते ज्यांच्या हातांत होते ती पिढी आज वृद्ध झाली आहे आणि तिचे ध्वनिमुद्रण करणे ही सर्वांत निकडीची गोष्ट आहे.

मावळच्या हवेत जपणूक

जपणूक कशी करायची हे जागेच्या हवेवर ठरते. उदाहरणार्थ, पुणे जिल्ह्यातील मावळात मळवली, लोणावळा, कार्ला या पट्ट्यात असा संग्रह ठेवायचा तर पहिला शत्रू पाऊस. लोणावळ्यात वर्षाला ४००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पूर्वेला तळेगावकडे सरकले की तो झपाट्याने कमी होतो, पण मळवलीच्या भाजे-विसापूरच्या कुशीत जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतींनाही ओल येते. अशा दमट हवेत भिंगांच्या थरांमध्ये बुरशी धरते. ती सुरुवातीला कोळ्याच्या बारीक जाळ्यासारखी दिसते आणि वेळीच काढली नाही तर काचेवरचा लेप कायमचा खाऊन टाकते.

म्हणून भिंगे कॅमेऱ्यापासून वेगळी काढून हवाबंद पेटीत सिलिका जेलसह ठेवावीत. आत छोटे आर्द्रतामापक ठेवून आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखावी. सिलिका जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा कोरडे करावे. कॅमेऱ्याच्या सांगाड्यावर प्लास्टिक घट्ट गुंडाळू नये, कारण ओल आतच कोंडते. सुती कापड पुरते. यंत्र जमिनीवर न ठेवता लाकडी फळीवर आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवावे. कॅमेरा नळ्या तोंड खाली करून कधीही ठेवू नयेत, कारण आतले सुटे कण प्रतिमेच्या पडद्यावर पडून कायमचे ठिपके उमटतात.

जुने यंत्र थेट विजेला जोडणे धोक्याचे आहे. वर्षानुवर्षे पडून राहिलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर फुटू शकतात. व्ह्यूफाइंडरच्या नळीला हजारो व्होल्टचा दाब लागतो आणि वीज काढल्यावरही तेथे भार टिकून राहतो. निर्वात नळी फुटली तर काचा आत ओढल्या जाऊन चहूकडे उडतात. म्हणून तपासणीसाठी जाणकार तंत्रज्ञ सोबत असावा आणि विजेचा दाब व्हेरिॲकने, म्हणजे दाब कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने, हळूहळू वाढवावा. चालू होत नसलेला पण पूर्ण नोंदलेला कॅमेरा हा घाईने चालू करून जाळलेल्या कॅमेऱ्यापेक्षा केव्हाही मोलाचा.

कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्याची आठवण मराठी चित्रपटसृष्टी अभिमानाने काढते. मुंबईच्या गुलशन महालात २०१९ पासून चित्रपटांचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. टेलिव्हिजनच्या यंत्रांकडे मात्र त्या मानाने फार थोडे लक्ष गेले आहे. ज्यांच्या घरी, कार्यशाळेत किंवा महाविद्यालयाच्या अडगळीत जुना स्टुडिओ कॅमेरा, एखादी नळी, पुस्तिका किंवा नुसती नावपट्टी असेल, त्यांनी ती भंगारात देण्याआधी तिचे छायाचित्र घ्यावे, तिच्यावरचा प्रत्येक क्रमांक उतरवून ठेवावा आणि ती वापरणाऱ्या माणसाचे म्हणणे लिहून काढावे.